एवढं केलंत, पण पांघरायची कशी?

माझ्या भिंतीवरच्या गोधडीबद्दल, म्हणजे क्विल्टबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. घरी आलेले पाहुणे, प्रदर्शनात घटकाभर थांबणाऱ्या बायका, नात्यातल्या वहिनी, फोटो बघून फोन करणारी शाळेतली मैत्रीण, सगळेच त्यात आले. सुरुवात बहुतेक वेळा "किती सुंदर!" अशी होते. मग हात पुढे येतो, बोटं मण्यांवर थांबतात आणि प्रश्न येतो, "पण ही पांघरायची कशी? मणी टोचणार नाहीत?" नाही पांघरायची, असं सांगितलं की, "मग एवढा घाट घातलात कशाला?"

पांघरायची नाही एवढं उत्तर खरं तर पुरायला हवं. मणी टोचतात, रंगामुळे कापड थोडं कडक झालंय, वॉशिंग मशीनमध्ये घातली तर संपलीच. यात लपवण्यासारखं काही नाही. पण दुसरा प्रश्न मला लागतो. विचारणाऱ्यांत माझी आई आहे, आणि वाकळ (आमच्याकडची जुन्या कापडाची गोधडी) म्हणजे काय ते तिच्याइतकं मला कळत नाही.

आधी ती भिंतीवरची वस्तू काय आहे ते सांगते. वर मलमल, मध्ये कापसाचा पातळ थर, मागे मांजरपाट, आणि तिन्ही थर एकत्र धरणारा धावदोरा. इथपर्यंत गोधडीच. मलमलीवर मी हातानं रंगवलंय ते 2019 च्या ऑगस्टमधलं कृष्णेचं पाणी आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराची भिंत. भिंतीवर आडव्या रेघा आहेत, त्या मण्यांच्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर आम्ही घर उघडायला गेलो तो दिवस मात्र सांगायला हवा. आई मिरजेला मावशीकडे होती, मी पुण्याहून आले. दार फुगलं होतं. भावानं खांदा लावला तेव्हा आत ढकललं गेलं. आत घोट्यापर्यंत गाळ. पलंग जागचा हलून तिरका झालेला, धान्याचे डबे लवंडलेले, आणि भिजलेल्या ज्वारीचा तो आंबूस वास. आई गाळ तुडवत थेट ट्रंकेकडे गेली. त्यात वाकळा होत्या. आजीच्या लुगड्यांच्या, आईच्या सुती साड्यांच्या, एक तर वडिलांच्या धोतरांचं अस्तर घातलेली. घरातलं प्रत्येक बाळ त्यांत वाढलं, प्रत्येक आजारपण त्यांनी पाहिलं.

ओली वाकळ एकट्यानं उचलत नाही. मी आणि भाऊ दोन टोकं धरून एकेक बाहेर काढत होतो आणि तिच्यातून तांबूस पाणी निथळत होतं. आई म्हणाली, वाळत घाला, ऊन पडलं की होतील नीट. वरच्या मजल्याच्या गॅलरीत दोरी बांधली. वजनानं दोरी खाली आली, म्हणून मध्ये काठी दिली. ऊन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी वास चढला, मग काळे ठिपके दिसायला लागले. पिळायला म्हणून एक ओढली तर ती मधूनच फाटली. टाके जागच्या जागी होते. दोरा टिकला, कापड गेलं होतं.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना ढीग लागले होते. गाद्या, उशा, पुस्तकं, फर्निचरच्या फुगलेल्या फळ्या आणि वाकळा. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी किती वाकळा होत्या ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ट्रॉली आली. भाऊ आईकडे बघत राहिला. आईनं स्वतः खाली येऊन त्या माणसाला सांगितलं, "न्या." मी रडत होते. ती म्हणाली, "रडतीस काय? पांघरून पांघरून झाल्या होत्या त्या. आता गेल्या." आणि भांडी घासायला वळली.

वरवर पाहता एवढंच घडलं. पण माझ्या सगळ्या कामाची दिशा तिथं बदलली. तिला सोडता आल्या, कारण त्या वापरून झाल्या होत्या. मला सोडता आल्या नाहीत. त्यातल्या एकीही वाकळेला मी टाका घातला नव्हता, म्हणून असेल. किंवा मी पुण्यात दुलईत झोपणारी, म्हणून असेल. नक्की सांगता येत नाही.

त्या दिवाळीला आईनं घराला रंग दिला. पुराची रेघ चुन्याखाली गेली. मी म्हटलं, एक भिंत तरी राहू दे. "रोज ते बघत जेवायचं का मी?" असं तिनं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिला त्या घरात राहायचंय तिला रेघ नको होती, हे मला मान्य आहे. मला ती हवी होती, हेही खरं आहे. म्हणून ती मी कापडावर घेतली. कागदावर किंवा कॅनव्हासवर का नाही, असंही विचारतात. त्या पाण्यात कापड भिजलं, कापड कुजलं. कागदावरचं पाणी मला परकं वाटलं असतं.

आता कष्टांबद्दल. "वेळ बराच असेल तुमच्याकडे," असं हसत हसत म्हटलं जातं, आणि मला ते खपत नाही. चित्रकाराला हे कुणी विचारत नाही.

मलमल आधी धुवून खळ काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. मग ओल्या कापडावर फॅब्रिक कलर पातळ करून सोडायचा. नुसतं पाणी घालून पातळ केला तर रंगाची पकड जाते, म्हणून त्यात मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, घालायचं. पुराचं पाणी एका रंगाचं नसतं. कडेला ते चहासारखं असतं, मध्ये राखाडी, आणि जिथं तेलाचे डबे फुटलेले असतात तिथं वर चकाकतं. कापड ओलं असतानाच जाडं मीठ भुरभुरलं की प्रत्येक खडा भोवतालचा रंग ओढून घेतो, आणि वाळल्यावर तिथं फिकट, कातरलेले डाग राहतात. फेस तसाच आला. वाळल्यावर उलट बाजूनं इस्त्री फिरवून रंग पक्का करायचा. एक अडचण मात्र राहतेच. रंगवलेल्या कापडात सुईचं भोक बुजत नाही. साध्या सुती कापडात उसवलेला टाका दिसेनासा होतो, इथं तो कायम दिसतो.

आणि मणी! सजावटीसाठी लावलेत असं समजून लोक बोलतात तेव्हा मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. भिंतीवर पुराची एकच रेघ नसते. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं, जिथं थांबतं तिथं गाळाची कड सोडतं. सगळ्यात वरची जाड, खालच्या विरळ. हात फिरवला तर ती कड बोटांना लागते, खरखरीत. रंगानं ती दिसली असती, पण लागली नसती. म्हणून काचेचे बारीक मणी, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेले. मातकट, दुधी, थोडे धुरकट. घेताना साबणाच्या पाण्यात घालून पाहिले, कारण काहींचा रंग नुसता वरून दिलेला असतो.

पाण्याची रेघ सगळ्या घरांत एका पातळीत असते. माडी असो, खोपटं असो, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरळ जाते. कापडावर मात्र मण्यांचं वजन झालं आणि भिंतीवर टांगल्यावर रेघ मधोमध खाली झुकली. झुकलेली पुररेषा खोटी दिसते. मग ती उसवली. मागून त्या पट्ट्याला बक्रम, म्हणजे कडक अस्तर, लावलं, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी घातली, कापड उभं ताणलं, आणि ओळखीच्या गवंड्याकडून पातळी बघायची पाणसळ आणून रेघ आखली. तीन मणी ओवायचे, पाठटाका घालून शेवटच्या मण्यातून सुई परत काढायची, थोड्या थोड्या अंतरावर मागे गाठ मारायची, म्हणजे एक दोरा तुटला तरी सगळी ओळ सांडत नाही. उसवलेल्या ओळीची भोकं तशीच आहेत. जवळून बघितलं तर दिसतात.

हे अमेरिकेतलं खूळ आहे, असंही ऐकलंय. गोधडी भिंतीवर लावून चित्र म्हणून बघण्याची रीत तिकडे जास्त रुजली हे खरं. पण तिकडेही ती हौशी श्रीमंतांनी सुरू केली असं नाही. हॅरिएट पॉवर्स ही 1837 मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई. तिची बायबलमधल्या गोष्टींची क्विल्ट 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात मांडली होती. एका चित्रकला शिक्षिकेनं ती विकत मागितली, तर तिनं दिली नाही. पुढं ओढगस्त आली तेव्हा दहा डॉलर सांगून त्याच शिक्षिकेला पाचाला द्यावी लागली. नंतर ती क्विल्ट नुसती बघायला ती त्या बाईंच्या घरी जायची. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. पांघरायला दुसरी शिवता आली असती. मग ती परत परत काय बघायला जात होती, हे मला विचारणाऱ्यांनी सांगावं.

फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीनं 1980 मध्ये पहिली क्विल्ट केली ती आपल्या आईबरोबर. आई कपडे शिवणारी, कसबी. मुलीनं चेहरे रंगवले, आईनं शिवणात हात दिला. हे वाचलं तेव्हा मला हेवा वाटला, तो अजून आहे.

माझी आई पुण्याला आली तेव्हा तिनं ही क्विल्ट बराच वेळ बघितली. टाके तपासले, मागची बाजू उलटून बघितली, गाठी बघितल्या. "धावदोरा बरा हाय," म्हणाली. मग वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "पाणी कडीच्या वर होतं. तू खाली दाखवलंयस." मी तिला फोटो दाखवला. तिनं फोटो बघितलाच नाही. वरची रेघ फोटो काढायच्या आधीच पुसली असेल, असं तिचं म्हणणं. त्यावर आमचं अजून एकमत नाही. आणि मग तेच, तुमचंच: "अंगावर घ्यायची न्हाई, तर एवढं शिवून कुणाला ऊब?"

पूर्वी मी प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर लिहायचे की हे काम आईच्या आणि आजीच्या परंपरेतलं पुढचं पाऊल आहे. आता लिहीत नाही. त्या दोघींनी जुनं कापड वाया जाऊ नये म्हणून शिवलं. मी नवं कोरं कापड आणते. त्यांची वस्तू झिजण्यासाठी होती, माझी झिजू नये म्हणून मी ती उन्हापासूनसुद्धा जपते. याला पुढचं पाऊल म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. पण टाका तोच आहे, तो मी आईच्याच मांडीशी बसून शिकले, आणि तो माझा नाही असंही मी कुणाला म्हणू देणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत. मी बसवायचा प्रयत्न करून पाहिला.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, आदल्याहून कमी. आईचा फोन आला. तोवर तिनं नव्या वाकळा शिवल्या होत्या, त्या सगळ्या माडीवर नेल्या होत्या. घरचं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या त्या भिंतीवरच्यात यंदाची रेघ कुठं घालणार?"

वरच्या रेघेखाली जागा आहे, मणीही शिल्लक आहेत. घालायला हवी, असं मला वाटतं. घातली तर पुढच्या पुराचीही घालावी लागेल, असंही वाटतं. म्हणून क्विल्ट अजून तशीच आहे आणि कुणी किंमत विचारली तर मी आकडा सांगत नाही.