तुम्ही विचारलंत म्हणून : अर्धशिशीचा वजनाशी काय संबंध?

‘डोकं दुखतंय म्हणून गेले, तर डॉक्टर म्हणतात आधी वजन उतरवा!’ साताऱ्यात काय नि सांगलीत काय, अर्धशिशी असलेल्या बायका हे हमखास विचारतात. संबंध आहे, पण लोक समजतात तसा सरळ नाही.

अर्धशिशी सडपातळ बाईलाही असते. वजन वाढलं की ती जास्त वेळा येण्याचा धोका वाढतो. महिन्याचे चार दिवस हळूहळू पंधरावर जाऊ शकतात. पाळीच्या वयात हे जास्त दिसतं. चरबी ही नुसती साठवण नव्हे. सूज वाढवणारी द्रव्यं ती रक्तात सोडते, आणि वेदनेच्या नसा त्याने लवकर चेततात असं मानलं जातं. उंची ५ फूट असेल तर ५८ किलोच्या पुढे आपल्याकडच्या मापाने लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी हे माप मुद्दाम खाली आणलेलं आहे.

खरी गफलत पुढे होते. वजन उतरवायचं म्हणून गुरुवार, चतुर्थी, वर नवरात्र. रात्री आठला जेवण, सकाळी नुसता चहा, थेट दुपारी एकला ताट : सतरा तास पोट रिकामं. आणि उपाशीपण तर अर्धशिशीचं जुनं निमित्त. मग डोकं ठणकतं, उलटी होते, घरचे म्हणतात पित्त खवळलं. ती उलटी बहुतेकदा अर्धशिशीचाच भाग असते. अर्धशिशीच्या झटक्यात पोटही मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते; ठरलेली गोळी दुखायला लागताच घ्यावी. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आलीच, म्हणजे वजनही तिथंच.

तेव्हा खाणं कमी करा, वेळ चुकवू नका. उठल्यावर तासाभरात शिळी भाकरी नि दही चालेल, पुढे दर चार तासांनी थोडं. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला आठ चमचे साखर. ती आठवड्याला थोडी थोडी उतरवा. चहा मात्र एकदम तोडू नका, त्यानेही डोकं चढतं. ७० किलोच्या बाईने सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरवलं तरी सुरुवात चांगली. पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा गाठायला जाऊ नका. आधी सपाटीवर दहा मिनिटं, मग वाढवत अर्धा तास. सांगलीच्या एप्रिलात ऊन चढायच्या आत घरी.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन खुणा करा : दुखलं, गोळी घेतली, पाळी आली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, किंवा मिश्र (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरची खास गोळी) दहा दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवते.

रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही विचारा. फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकतं. टोपिरामेटने उतरतं, पण तिने आणि व्हॅल्प्रोएटनेही गर्भाला धोका असतो. दिवस जाण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. परस्पर बंद मात्र कुठलीच करू नका.

एक गोष्ट मात्र अर्धशिशी म्हणून अंगावर काढू नका. वजन जास्त, वय तरुण, आणि वाकलं-उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार किंवा कानात नाडीच्या ठोक्यागणिक घुं-घुं. कवटीतला दाब वाढलेला असू शकतो, त्याने नजर जाऊ शकते. चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या.