मुंबईतील स्वस्त आणि पोटभर जेवण : सांगलीच्या वहीतील नवी नोंद

सांगलीहून मुंबईला जाणारा माणूस सहसा खाण्यासाठी जात नाही. तो परळच्या टाटा रुग्णालयात नातलगाला दाखवायला जातो, मंत्रालयात अडकलेल्या कागदामागे जातो, परीक्षेला किंवा मुलाखतीला जातो, आणि या धावपळीत दोन वेळचे जेवण स्टेशनसमोर जे मिळेल ते, सांगितलेल्या दरात उरकतो. मुंबईतल्या स्वस्त आणि पोटभर खाण्याच्या ठिकाणांची नोंद ठेवणारी आपली वही सुरू झाली ती याच माणसासाठी. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना नियम ठाऊक आहेतच. नव्या मंडळींसाठी एवढेच सांगतो की नाश्ता माणशी सव्वाशे रुपयांच्या आत आणि जेवण अडीचशेच्या आत बसले, पोट भरले, आणि पुढच्या खेपेला वाट वाकडी करून तिथे जावेसे वाटले, तरच ते ठिकाण वहीत चढते. कालबादेवीचे १९४५ पासूनचे ठक्कर भोजनालय त्यामुळेच वहीबाहेर राहिले आहे. तिथले गुजराती ताट उत्तम असते, पण ते आपल्या मर्यादेत बसत नाही.

या खेपेला वहीची मांडणीच बदलली आहे. आतापर्यंत आपण स्टेशनांप्रमाणे याद्या करत होतो : दादरला काय, भायखळ्याला काय, सीएसएमटीसमोर काय. नोंदी वाढत गेल्या तसे माझ्या लक्षात आले की मुंबईत स्वस्त आणि चांगले अन्न जिथे जिथे टिकले आहे, तिथे ते कोणत्या तरी एका समाजाच्या कामकरी माणसांसाठी सुरू झालेले आहे. घरापासून दूर आलेला, खोलीत चूल नसलेला, रोज त्याच जागी जेवणारा हा माणूस होता. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवून चालत नाही आणि महागही देऊन चालत नाही. म्हणून पदार्थ मोजके ठेवायचे, ते ठरलेल्या वेळी करायचे, आणि टेबल लवकर मोकळे व्हावे अशी व्यवस्था लावायची, हे त्या धंद्याचे गणित ठरले. तेव्हा आता वहीतला पहिला रकाना ठिकाणाच्या नावाचा नसून 'हे कोणासाठी उघडले' असा आहे, आणि दुसरा रकाना त्या लोकांच्या जेवणाच्या वेळेचा आहे. त्या वेळी गेले की अन्न ताजे मिळते, आणि वेळ चुकवली की तेच ठिकाण सामान्य वाटू लागते.

माटुंग्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरणाऱ्याला ते एका स्टेशनावर पडते. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, सायन हा भाग आखून वसवला, आणि कचेऱ्यांत व रेल्वेत नोकरी करणारी दक्षिणेकडची कुटुंबे माटुंग्यात स्थिरावली. त्यांच्यामागोमाग उडुपीकडचे स्वयंपाकी आले. स्टेशनाजवळचे राम आश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे आणि ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे आहे. राम आश्रय पहाटेच उघडते. तिथे रोज बदलणारा शिरा हा नेहमीच्या गिऱ्हाइकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. अननसाचा निघाला त्या दिवशी तो आधी मागून घ्यावा. इडली, उपमा आणि फिल्टर कॉफी एवढ्यावर दुपारपर्यंत निभते. रविवारी सकाळी मात्र रांग फुटपाथवर येते. हातात सामान आणि डोक्यात रुग्णालयाची वेळ असेल तर रविवार टाळावा.

रामा नायक यांच्या बोर्डिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला ते आपल्या वहीचे सर्वांत नमुनेदार पान वाटते. गल्ल्यावर आधी पैसे भरून कुपन घ्यायचे आणि पाळीची वाट पाहायची. ताटातले मर्यादित जेवण आणि केळीच्या पानावरचे हवे तेवढे जेवण असे दोन प्रकार आहेत. आपल्या दरात ताट बसते, आणि कष्टाची भूक नसेल तर ते पुरते. पान मांडले की प्रथम त्यावर पाण्याचा हात फिरवायचा. मग वाढपी एकामागून एक येतात, भाजी, कोशिंबीर, पापड, सांबार, रसम आणि भात वाढत जातात, आणि दोन वाढपींमध्ये एवढे थोडे अंतर असते की रसमसाठी भाताला आळे करायला आपली बोटे तयार असावी लागतात. स्वयंपाकघर पाहायचे असल्यास गिऱ्हाइकाला आत जाऊ देतात. मोठमोठी पातेली, ओली पण स्वच्छ फरशी, आणि एका बाजूला चिरलेल्या भाज्यांचे ढीग हे सर्व डोळ्यांनी पाहून जेवायला बसले की परगावच्या माणसाच्या मनातली शंका राहत नाही. मिरजेचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी सोबत होते. त्यांचे आजोळ बागलकोटकडचे, त्यामुळे ते वाढप्याशी कानडीतून बोलले. किनारपट्टीची कानडी आणि त्यांची कानडी यांत बराच फरक असला, तरी वाढप्याने परत येऊन "ऊट आय्ता?" (जेवण झाले का?) म्हणून आपुलकीने विचारले आणि न मागता भाताची आणखी एक मूद घातली. काका दिवसभर त्याच आनंदात होते. मिरजेच्या बाजारात मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर घेत वाढलेल्या माणसाला मुंबई फारशी परकी वाटत नाही, हे मी या प्रवासांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

इराण्यांची हॉटेले वेगळ्या वाटेने आली. इराणमधील यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेल्या लोकांनी रस्त्याच्या कोपऱ्यांवर दुकाने थाटली, कारण कोपऱ्याची जागा शुभ नव्हे असे मानून इतर दुकानदार ती घेत नसत, असे सांगितले जाते. धोबी तलावजवळची कयानी ही १९०४ ची. बन-मस्का आणि चहा एवढ्यावर इथे निवांत बसता येते, आणि ज्याला एका कामापासून दुसऱ्या कामापर्यंत दोन तास काढायचे आहेत त्याच्या दृष्टीने हे बसणेसुद्धा दरात धरले पाहिजे. जेवण म्हणून खिमा-पाव घ्यावा. मावा केक घरी नेण्यासाठी बांधून घेता येतो आणि परतीच्या रात्रीच्या गाडीत तो चांगला टिकतो. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ च्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, परंतु तो दरात बसत नाही, म्हणून त्याची नोंद केवळ समासात केली आहे.

भेंडी बाजार आणि बोहरी मोहल्ला हा भाग आपल्याकडची पुष्कळ मंडळी उगाच टाळतात. मांसाहार करणाऱ्याने तो टाळू नये असे माझे ठाम मत आहे. नूर मोहम्मदी हे १९२३ पासूनचे हॉटेल नल्ली निहारीसाठी, म्हणजे नळीच्या मांसाच्या मंद आचेवर शिजवलेल्या रश्श्यासाठी, नावाजलेले आहे, आणि दोघांनी एक निहारी वाटून घेतली तर हिशेब आपल्या दरात राहतो. मला स्वतःला मात्र त्याहून बारा हंडी हा प्रकार अभ्यासण्यासारखा वाटतो. दुकानाच्या पुढच्या ओट्यातच हंड्या बसवलेल्या असतात, खाली निखारे, आणि त्यांत पाय, नळी, शेपूट, जीभ असे मांसाचे निरनिराळे भाग रात्रभर मंद शिजत राहतात. पहाटे झाकणे उघडली जातात. ज्या भागांना बाजारात भाव कमी आणि शिजायला वेळ फार, तेच भाग इथे रात्रभराच्या आचेने मऊ होतात. स्वस्ताईचे सगळे कारण या वेळेत आणि निखाऱ्यात आहे. वाटीत रस्सा वाढताना वाढणारा दोन-तीन हंड्यांतले थोडेथोडे एकत्र करतो, वर तूप किंवा तर्री सोडतो, आणि सोबत लांब पाव देतो. सकाळी कामावर निघालेला हमाल एवढे खाऊन दुपारपर्यंत ओझी वाहू शकत असे, आणि आजही सकाळच्या गिऱ्हाइकांत कष्टकरीच अधिक दिसतात. मांस कोणत्या जनावराचे आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने आधी सरळ विचारावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. रमजानच्या महिन्यात मिनारा मशिदीच्या परिसरात मातीच्या पसरट वाटीतली फिरनी मिळते, पण गर्दी एवढी असते की लहान मुलांना घेऊन जाऊ नये.

झवेरी बाजाराची नोंद आपल्याच जिल्ह्यामुळे मिळाली. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत हे आपणा सर्वांना माहीत आहे. मुंबईतही ते आहेत, आणि कारागिरांच्या गल्ल्यांत ते दिवसभर वावरतात. अशाच एका विट्याच्या गलाईवाल्या बंधूंनी मला दागिने घडवणाऱ्या बंगाली कारागिरांच्या खाणावळी दाखवल्या. अरुंद जिना चढून वर गेले की एका खोलीत बाके मांडलेली, भिंतीवर पाटी नाही, दर तोंडी. ताटात भाताचा ढीग, मसूर डाळ, एखादी भाजी आणि मोहरीच्या तेलातले रोहू किंवा काटल्याचे कालवण. नदीतला मासा हा कृष्णाकाठच्या माणसाला परका नाही, त्यामुळे माझे तिथे चांगले जमले. काटे सोडवण्याची सवय नसलेल्याने घाई करू नये. अशी जागा ओळखीशिवाय सापडत नाही. म्हणून ज्यांचे नातलग या धंद्यात आहेत त्यांनी त्यांना विचारून आणखी ठिकाणे कळवावीत, ही आग्रहाची विनंती.

सायनला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, आणि सायन कोळीवाडा व गुरू तेगबहादूर नगरचा परिसर पंजाबी खाण्यासाठी ओळखला जाऊ लागला. गुरुकृपाचा सामोसा आणि छोले हा नाश्ता आपल्या दरात सहज बसतो. दादरला आपल्या चवीचे खाणारांची सोय आहेच : १९१० पासूनचे मामा काणे यांचे बटाटेवडे, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादची मिसळ. सीएसएमटीसमोर १९३९ चे आराम आहे. या ठिकाणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

गिरणगावावर मात्र थांबले पाहिजे, कारण तो आपला इतिहास आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातील माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करत होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे हे कामगार जेवायला खाणावळीत जात, आणि त्या खाणावळी प्रामुख्याने बायका आपापल्या घरात चालवत. महिन्याचा हिशेब पगाराला चुकता होई, तोवर किराणा उधारीवर आणायचा आणि सावकाराचे व्याज सोसायचे, अशी त्या बायकांची कोंडी होती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वस्त जेवणाच्या आपल्या सगळ्या चर्चेत मला ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. ताटाचा दर कमी राहतो तेव्हा त्याचा भार कोणी तरी उचलत असतो, आणि इथे तो भार कोणावर आहे हे ओळखून कोणी तरी उपाय केला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावच हळूहळू बदलले. जेवणारा कामगार गेला तशा त्या घरगुती खाणावळीही ओसरल्या. आता त्या भागात टॉवर आहेत. तरी लालबागला लाडू सम्राटमध्ये मिसळ आणि कोथिंबीर वडी खाताना आजूबाजूला जुन्या चाळींतली माणसे भेटतात, आणि बोलते केले तर आपल्या गावांची नावे त्यांच्या तोंडून येतात.

टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी ही नोंद वेगळ्या कागदावर काढली आहे. रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला लांब जाता येत नाही, त्याला तिखट-तेलकट नको असते, आणि मुक्काम कित्येकदा महिनाभराचा होतो. त्याच्यासाठी चवीपेक्षा अंतर आणि साधेपणा यांना अधिक गुण दिले आहेत. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात ठरवून दिलेला आहे. केंद्रे ठरलेल्या वेळेतच चालतात आणि थाळ्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून त्या भागात केंद्र कुठे चालू आहे हे त्या दिवशी चौकशी करून घ्यावे आणि लवकर जावे. हा कागद सांगली व मिरज येथील ओळखीच्या औषध दुकानांत ठेवायला दिला आहे. ज्यांना आपल्या गावात ठेवायचा आहे त्यांनी प्रत मागून घ्यावी. दर बदलतात, तेव्हा वर तारीख घातल्याशिवाय प्रत काढू नये.

पुढच्या टप्प्यात उल्हासनगर आहे. फाळणीनंतर तिथल्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी लोकांचा दाल-पकवान सकाळीच खावा लागतो, त्यामुळे कल्याणला उतरून आधी तिकडे वळायचा विचार आहे. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिरलेला कांदा आणि चिंचेची चटणी एवढ्याची नोंद करायची असली, तरी पाच-सहा ठिकाणे एकाच सकाळी चाखायची तर किमान चौघे हवेत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी महालक्ष्मीचे आरक्षण वेळेत करावे, आणि येताना आपापल्या वहीतला माटुंग्याचा दर तपासून आणावा.