वाटी, दांडी, बैठक

वाइनच्या काचेच्या पेल्याला दांडी असते ती हौसेखातर नव्हे. हाताची ऊब आतल्या पेयाला लागू नये, बोटांचे ठसे काचेवर उमटू नयेत, म्हणून पेला दांडीला धरायचा. लाकडी चषकाला यातलं एकही कारण लागू पडत नाही. लाकडातून ऊब फारशी जातच नाही, म्हणून तर तव्याला आणि इस्त्रीला लाकडी मूठ लावायचे. ठशांचं म्हणाल तर लाकूड ते पोटात घालतं. शिवाय सांगलीत माझ्या घरी त्यातून पिणार कोण आणि काय? तासगावकडची कितीतरी द्राक्षं बेदाणा व्हायला जातात, आणि बेदाण्याला वाटी पुरते. थोडक्यात, लाकडी चषकाची दांडी फक्त बघण्यासाठी असते. आणि निवृत्तीनंतर असे लाकडी चषक कातण्यात, म्हणजे या बिनकामाच्या दांडीपायीच, माझ्या दुपारी चालल्या आहेत.

आमच्या भागात लेथचं, म्हणजे वस्तू गरगर फिरवत धारेनं कातणाऱ्या यंत्राचं, कुणाला नवल नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून इथल्या पोरांच्या हाताला लोखंडाचा वास आहे. (कारखान्याला जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. हे मला फार नंतर कळलं आणि उगाचच बरं वाटलं.) मीही कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवरच म्हातारा झालो. तिथं ड्रॉइंग हाच देव. व्यास किती, खोली किती, शतांशात किती इकडंतिकडं चालेल, सगळं कागदावर. जॉब पास तरी होतो, नाहीतर भंगारात जातो. ‘छान दिसतोय’ असा शेरा क्वालिटीवाल्यानं कधी मारलेला मला आठवत नाही.

लाकडाच्या लेथवर टूल धरायला मशीन नसतं, आपला हात असतो. पुढं लोखंडी टेकू, त्यावर पटाशी, आणि पटाशीचा दांडा कमरेशी दाबलेला. धारेमागचा उतार आधी फिरत्या लाकडावर टेकवायचा, मग मागचा हात जरासा उचलायचा, की धार लागते आणि शेवेसारखी सलग साल निघू लागते. उतार न टेकवता नुसती धार पुढं केली, तर लाकूड ती हिसकावून घेतं. लोखंड काम करताना किंचाळतं, त्याची सवय असते. लाकूड मात्र बोलतं. धार चांगली असली की सळसळ, बोथटली की खरखर. डोळे मिटूनही कळतं.

चषकाचा ठोकळा निवडताना रेषा उभ्या हव्यात, म्हणजे बुडापासून काठापर्यंत लांबीच्या दिशेनं धावणाऱ्या. आडव्या रेषांच्या लाकडात बारीक दांडी काढली तर ती खडूसारखी तुटते. आणि कामाचा क्रम वरून खाली. आधी आतून वाटी कोरायची, कारण तेव्हा खाली अख्खा ठोकळा असतो, हादरे तो सोसतो. मग वाटीची बाहेरची बाजू. मग दांडी, तीही वाटीकडून बैठकीकडं, बोटबोटभर पुरी करत जायची. एकदा दांडी बारीक झाली की परत वर जाऊन वाटीला पटाशी लावायची नाही. लावली तर काय होतं ते ज्यानं पाहिलंय तो पुन्हा लावत नाही. वाटी कोरायच्या आधी मधोमध ड्रिलनं खोलीचं भोक पाडतात, तेवढं मात्र मापानं. भोक दांडीत उतरलं की चषकाचं नरसाळं होतं.

इथवर सगळं कारागिरीचं. खरी पंचाईत पुढं आहे. वाटी केवढी, दांडी केवढी, बैठक केवढी?

पुस्तकी उत्तर तयार असतं. सुवर्ण गुणोत्तर, 1.618. समजा चषक 180 मिलिमीटर उंच, तर दांडी-बैठक मिळून 111 आणि वाटी 69. माझ्यासारख्या व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवर, वाढलेल्या माणसाला असा आकडा मिळाला की जीव भांड्यात पडतो. पण करून बघितलं की लक्षात येतं, आकडा फक्त उंची वाटून देतो. वाटी पोटाकडं फुगीर असेल तर तीच 69 मिलिमीटरची वाटी बसकी वाटते, आणि सरळ असेल तर लांबट. गडद लाकडाची दांडी आहे त्याहून बारीक दिसते. डोळा मिलिमीटर वाचत नाही.

आपल्या मूर्तिकारांनी यावर जुना तोडगा काढला होता. शिल्पशास्त्रातल्या तालमानात माप बाहेरून आणत नाहीत, मूर्तीचा चेहरा हेच माप. चेहरा 12 अंगुळं धरला तर नवताल मूर्ती 108 अंगुळं, म्हणजे नऊ चेहरे उंच. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, ती स्वतःच्याच चेहऱ्यानं मोजली जाते. ही रीत मला चषकाला फार सोयीची वाटते. वाटीची खोली हा चेहरा धरायचा आणि बाकीचं त्याच्या पटीत बघायचं. दीडपट दांडी शांत दिसते. दुपटीच्या पुढं गेली की चषक टाचा उंचावून उभा राहिल्यासारखा वाटायला लागतो.

तरीही आपण हे ठरवतो कशावरून? मला वाटतं, मराठी माणसाचा डोळा समईवर तयार झालेला असतो. वर तेलाची वाटी, मध्ये दांडी, खाली बैठक. रोज संध्याकाळी देवघरात तिच्याकडं बघत आपण मोठे होतो आणि तिची प्रमाणं न शिकवता अंगात मुरतात. माझ्या आईच्या समईची बैठक वाटीपेक्षा चांगली रुंद आहे. असायलाच हवी. वर जळती वात, भोवती रांगती पोरं, समई कलंडून चालणार नाही. दांडीवर मध्येमध्ये गोल मणी आहेत, तेही निव्वळ शोभेचे नसावेत. तेलकट हातानं उचलताना बोटं तिथं अडतात. त्यामुळं चषकाची बैठक काठापेक्षा अंमळ लहान ठेवावी असं परदेशी कातारी सांगतात, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटतं, पण माझा हात तयार होत नाही. माझ्या चषकांच्या बैठका थोड्या रुंदच असतात. बघणाऱ्याला त्या का आवडतात हे त्याला सांगता येत नाही, मला येतं.

मिरजेला सतारमेकर गल्लीत माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. चाचांनी एक पेढा खाल्ला आणि तंबोऱ्याची खुंटी घासायला घेतली. खुंटी निमुळती असावी लागते, भोकात फिरवून दाबली की घट्ट बसेल अशी. त्यांच्या मते खुंटीनं आधी धरायचं, दिसायचं मग. त्यांना दाखवायला मी एक चषक नेला होता, भाच्यानं युरोपातून आणलेला. गुळगुळीत, चकचकीत, दांडी काडीसारखी. मला वाटलं दांडीचं कौतुक होणार. चाचांनी दांडीकडं बघितलंही नाही. चषक उलटा धरला, वाटीचं पोट जिथं संपतं आणि दांडी सुरू होते तिथं अंगठा ठेवला आणि सावकाश खाली सरकवला. परत एकदा. मग म्हणाले, “हितं अडखळतंय बघा.”

मी अंगठा फिरवला. खरंच, वाटीची गोलाई दांडीत उतरताना मध्ये केसभर सपाट जागा होती. डोळ्याला दिसत नव्हती, पण कळल्यावर दुसरं काही दिसेना. वाटीचं वळण बाहेर फुगलेलं आणि दांडीचं आत खचलेलं, आणि या दोन उलट्या वळणांची गाठ पडते ती जागा जेमतेम अर्ध्या इंचाची. तिथं वळण थांबता कामा नये आणि कोपरा पण पडता कामा नये. भोपळ्याची गोलाई तंबोऱ्याच्या गळ्यात उतरवणाऱ्या माणसाचा अंगठा नेमका तिथंच जाणार. लोक बारीक दांडीला टाळ्या वाजवतात, पण ती धीराची गोष्ट आहे. चषक जमला की फसला ते या अर्ध्या इंचात ठरतं.

म्हणूनच दांडीवर सुटी कडी ठेवायची जी हौस असते, त्याच लाकडातून कापलेली, खुळखुळणारी, तिच्याशी माझं जमत नाही. करायला अवघड, हे कबूल. पण बघणारा कडी फिरवत बसतो आणि अर्ध्या इंचाकडं कुणाचं लक्ष जात नाही. रशियाचा पीटर द ग्रेट म्हणे स्वतः लेथ चालवायचा, आंद्रेई नार्तोव्हसारखा यंत्रकार त्यानं पदरी ठेवला होता. युरोपातल्या राजेलोकांनी हस्तिदंताचे असले चषक कातले, इतके नाजूक की बघताना श्वास धरावा. मला ते बघून कौतुक वाटतं. घरी ठेवावंसं वाटत नाही.

लाकूड मला चिंचेचं आवडतं. खाटकाच्या ठोकळ्याला वापरतात ते, चिवट. बाहेरून पिवळसर, आत गाभ्याशी जांभळट काळं, आणि ती काळी रेघ कुठून निघेल याचा नेम नाही. रस्ता रुंदीकरणात पडलेली चिंच वखारीत स्वस्त मिळते, पण ओली असते. ओल्या लाकडाचा पातळ चषक कातला की तो सुकताना लंबगोल होतो, कारण लाकूड वर्षवलयांच्या कडेकडेनं जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच आडवं, गाभ्याच्या दिशेनं आकसतं. सुरुवातीला मी व्हर्नियर लावून काठ मोजायचो आणि रात्री झोप यायची नाही. आता काठ जरासा लंबगोल झाला तर तो ओठाला बरा बसेल असं म्हणतो, पिणारं कुणी नसलं तरी.

हे चषक घरी फार साठले. आमच्या हिनं कपाटाचा एक कप्पा दिला, मग तो परत घेतला. शेवटी गल्लीतल्या पोरांनी एक मागून नेला, त्यांच्या बॉक्स क्रिकेटच्या स्पर्धेला. चिंचेचा, काळ्या रेघेचा, आजवरचा सगळ्यात जमलेला. दुसऱ्या दिवशी दोघं परत दारात.

“काका, ह्याला कान न्हाईत व्हय?”

“नाहीत.”

“कपाला कान पायजेत की. आन् खाली जागाच न्हाई, पाटलांचं नाव कुठं चिकटवायचं? पाच हजार दिल्यात त्यांनी.”

मी त्यांना अर्धा इंच दाखवला. अंगठा फिरवून बघायला लावला. धाकट्यानं मन लावून फिरवला आणि म्हणाला, “भारी हाय. पण नाव कुठं?”

कान मी लावणार नाही, ते स्पष्ट सांगितलं. बैठकीचं मात्र त्यांचं बरोबर होतं. पाच हजार देणाऱ्याचं नाव मावलं पाहिजे. रविवारी फायनल आहे. खाली एक जाड चकती कातून द्यायला घेतली आहे, आणि वाटीच्या पटीत ती किती रुंद चालेल ते कागदावर काढून बघतोय. पाटलांचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर एका ओळीत बसवायचा तर वाटीच्या अडीचपट निघते. नंबर खालच्या ओळीत घ्या म्हणून निरोप धाडलाय, अजून उत्तर नाही.