स्कॉच, आयरिश, कॅनेडियन: ताकद सारखी केल्यावर काय उरतं

व्हिस्क्या शेजारी ठेवून वास-चव तपासायच्या या टप्प्यात तीन मांडण्या झाल्या. आधी तिन्ही देशांची रोजची ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की, मग प्रत्येक देशाची ओळख समजली जाणारी एकेक बाटली, आणि शेवटी ती ओळखच उलटीपालटी करणाऱ्या जोड्या. देशादेशांतला फरक म्हणून नाकाला जे जाणवतं, त्यातलं बरंचसं लेबलवरच्या अल्कोहोलच्या टक्क्यांचं आणि पिंपाचं असतं, हे आता पक्कं झालंय. तेव्हा सुरुवात टक्क्यांपासूनच.

भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ व्हिस्क्यांवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. तोच ब्रँड ड्यूटी फ्रीमधून आणला तर बहुधा ४० चा निघतो. राय या धान्याच्या काही कॅनेडियन बाटल्या ४३ किंवा ४५ च्या, आणि थंड करून गाळलेल्या नसतील अशा बऱ्याच बाटल्या ४६ च्या. हे ग्लास जसेच्या तसे शेजारी ठेवले की जास्त टक्क्यांचा ग्लास भरीव वाटतो आणि कमी टक्क्यांचा पाणचट. 'कॅनेडियन फिकी असते' हे मत अनेकदा इथूनच जन्माला येतं. त्यामुळे सगळं आधी ४० वर आणायचं.

हिशोब सोपा: घेतलेले मिली गुणिले बाटलीचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के. येणाऱ्या आकड्यातून घेतलेले मिली वजा केले की उरतं ते पाणी. १५ मिलीसाठी ४२.८ ला साधारण १ मिली, ४३ ला १.१, ४५ ला १.९ आणि ४६ ला २.२५ मिली. औषधांच्या दुकानात मिळणारी ५ मिलीची सिरिंज, अर्थातच सुईविना, यासाठी उत्तम. पेगच्या मापाने हे जमत नाही. ३० मिलीच्या मापात थोडं इकडेतिकडे होतंच, आणि १ मिलीच्या खेळात बिघाडाला तेवढं पुरेसं असतं.

४० वर एकदा नाक लावून झालं की आणखी साधारण ५ मिली पाणी घालून ३० वर, मग आणखी १० मिली घालून २० वर न्यायचं. २० टक्क्यांवर वास घ्यायची पद्धत ब्लेंडर, म्हणजे व्हिस्क्यांचं मिश्रण ठरवणाऱ्या लोकांची आहे. अल्कोहोलचा झणका उतरतो आणि दोष उघडे पडतात: ओलसर पुठ्ठा, शिजलेल्या कोबीसारखा गंधकाचा वास, जास्त मुरलेल्या लाकडाचा कडवटपणा. या पायरीवर ग्लास पिण्यासारखा राहत नाही, तो फक्त नाकासाठी.

पाणी आर.ओ.चं किंवा कमी क्षारांचं बाटलीबंद. बोअरचं जड पाणी चव बिघडवतं. नळाच्या पाण्याचा धोका वेगळा आहे: क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की दवाखान्यासारख्या वासाची संयुगं तयार होतात, आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातीसारख्या इंधनाच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीत फिनॉल, हे धुराचा वास देणारं रसायन, मुबलक असतं. म्हणजे तुम्ही आयला या स्कॉटिश बेटाच्या बाटलीला जे श्रेय देताय त्यातलं थोडं महापालिकेचं असू शकतं.

तापमान १८ ते २२ अंश. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या खोलीत ३२-३४ अंशांना ग्लास ठेवला तर नाकात आधी अल्कोहोलच शिरतं. एसीच्या खोलीत बाटल्या तासभर आधी काढून ठेवाव्यात. बर्फ तुलनेच्या वेळी नको. वास दबतो, आणि न गाळलेली व्हिस्की थंडीत व पाण्याने गढूळ होते. ती खराब झालेली नसते, त्यातली लांब साखळीची एस्टर्स ही संयुगं विरघळलेली राहू शकत नाहीत एवढंच.

ग्लास सगळे एकाच आकाराचे, तोंडाशी निमुळते. ग्लेनकेर्न, म्हणजे व्हिस्कीचे खास ग्लास, असतील तर छान, नाहीतर लहान वाइन ग्लास चालतात. ओतल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं थांबायचं. तळाला अ, ब, क चिकटवून ओतायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. रंगावरून अंदाज बांधू नका. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, आयरिश आणि कॅनेडियनमध्येही तो चालतो. गडद दिसणारी बाटली जुनी असेलच असं नाही.

चखणा नंतर. शेव, चिवडा, तिखट शेंगदाणे यांनी जीभ आधीच पेटलेली असली की अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते आणि रायचा मसालेदारपणा कुठला, मिरचीचा कुठला, हे कळत नाही. मधल्या वेळात बिनमिठाचे कुरमुरे आणि पाणी.

पहिली मांडणी: जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, जेमसन, कॅनेडियन क्लब. तिन्ही ब्लेंड, तिन्हींत कॉलम स्टिलवर (उंच खांबासारखं, सतत चालणारं ऊर्ध्वपातनाचं यंत्र) काढलेली हलकी ग्रेन व्हिस्की, म्हणजे मका, गहू वगैरे धान्यांची. ४० वर आणल्यावर तिघींतलं अंतर अपेक्षेपेक्षा बरंच कमी झालं. ब्लॅक लेबल धुराच्या पुसट रेघेमुळे आणि बेदाण्यांमुळे लगेच ओळखू येते. जेमसनमध्ये हिरवं सफरचंद, व्हॅनिला आणि खाली किंचित तेलकटपणा. कॅनेडियन क्लबमध्ये कॅरॅमल, थोडी मिरी आणि जिभेवर तिघींत सगळ्यात हलका भार. ३० वर जेमसन आणि कॅनेडियन क्लब यांची गल्लत होते. दोघींत व्हॅनिला पुढे येतो, कारण दोघी मुख्यत्वे वापरून झालेल्या पिंपांत मुरतात. २० वर पुन्हा वेगळ्या होतात: जेमसनचा तेलकटपणा टिकतो, कॅनेडियनमध्ये मक्याचा गोडवा उरतो.

कॉलम स्टिलचं श्रेय जातं डब्लिनच्या एनियस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याला. पेटंट १८३० चं. आयरिश मोठ्या व्हिस्की-घराण्यांनी ते यंत्र नाकारलं, स्कॉटलंडने उचललं आणि त्याच्या जोरावर ब्लेंडचा धंदा उभा केला. आज जेमसनच्या बाटलीतही कॉलमची ग्रेन व्हिस्की असते, हे त्या घराण्यांना आवडलं नसतं.

दुसऱ्या मांडणीत ग्लेनफिडिक १२, रेडब्रेस्ट १२ आणि लॉट नंबर ४० (१२ म्हणजे मुरल्याची वर्षं, ४० हा मात्र नावाचाच भाग). खरी मजा इथे आहे, कारण इथे तीन देशांचे तीन कायदे ग्लासात उतरतात.

स्कॉच सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीची (हाच माल्ट), पॉट स्टिलमध्ये (दर खेपेला भरून चालवायचं भांडं) काढलेली, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली. ग्लेनफिडिकमध्ये नाशपाती, मध, ताज्या लाकडाचा भुसा. स्वच्छ आणि थोडी सोज्वळ.

आयरिश सिंगल पॉट स्टिलमध्ये मोड आणलेली बार्ली किमान ३० टक्के आणि मोड न आणलेली, कच्ची बार्लीही किमान ३० टक्के लागते. ओट, राय यांसारखी इतर धान्यं ५ टक्क्यांपर्यंत. कच्ची बार्ली वाढली ती माल्टवरचा कर टाळण्यासाठी. तो कर १७८५ चा. कर केव्हाच गेला, चव राहिली. ही चव ओळखायची खूण म्हणजे जवसाचं तेल. जवसाची चटणी कुटताना जो तेलकट, किंचित हिरवट वास येतो तो रेडब्रेस्टमध्ये २० टक्क्यांवरही सापडतो. त्यावर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांमुळे खारीक, बेदाणे, बदाम. जिभेवर सायीसारखा थर बसतो. नुसत्या माल्टमध्ये हा थर असा मिळत नाही.

लॉट नंबर ४० ही ओंटारियोतल्या विंडसरच्या हायरम वॉकर डिस्टिलरीची, शंभर टक्के रायची, तांब्याच्या पॉट स्टिलमधली. लवंग, मिरी, आंबूस काळा पाव, आणि वर फुलांचा एक झोत. फिकी कॅनेडियन हे मत या ग्लासापुढे टिकत नाही. कॅनडात साधारणपणे प्रत्येक धान्य वेगळं आंबवतात, वेगळं काढतात, वेगळं मुरवतात आणि शेवटी मिसळतात. मक्याची, जवळजवळ ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध काढलेली व्हिस्की हा पाया. रायची, कमी टक्क्यांवर काढलेली व्हिस्की म्हणजे मसाला. बहुतेक स्वस्त बाटल्यांत पाया उदंड आणि मसाला चिमूटभर, हेच त्या फिकेपणाचं कारण. तिथल्या लेबलवर 'राय' लिहिलेलं असलं तरी आत राय धान्य किती, याची कायद्याने हमी नाही, तेव्हा 'शंभर टक्के राय' असे शब्द शोधा.

कॅनडातली आणखी एक सवलत: ठरावीक मर्यादेत, म्हणजे ९.०९ टक्क्यांपर्यंत, बाहेरचं मद्य किंवा वाइन मिसळता येते. हे ऐकून नाकं मुरडणारे बरेच आहेत. अल्बर्टा राय डार्क बॅच चाखून बघा: ९१ टक्के राय, ८ टक्के बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की), १ टक्का शेरी, आणि तो एक टक्का खारकेच्या वासाने स्वतःची जागा दाखवतो. शेरीच्या ओल्या पिंपातून स्कॉचमध्ये जे झिरपतं, ते इथे मोजून घातलंय. आमच्या मते हा जास्त प्रामाणिक व्यवहार आहे.

लाकडाच्या बाबतीत आयरिश नियम सैल. स्कॉचला ओकच हवा, आयर्लंडमध्ये दुसरं लाकूड चालतं. मेथड अँड मॅडनेस या आयरिश ब्रँडची, शेवटी चेस्टनटच्या लाकडाच्या पिंपात मुरवलेली पॉट स्टिल हे त्याचं उदाहरण. ती पुढे कधीतरी.

तिसरी, उलटी मांडणी सगळ्यात उपयोगी ठरली. 'आयरिश म्हणजे तिहेरी ऊर्ध्वपातन आणि धूर नाही, स्कॉच म्हणजे दुहेरी आणि धूर' हे पाठ केलेलं वाक्य मोडायला दोन जोड्या पुरतात. एक: बुशमिल्स १० आणि ऑकेंटॉशन १२. दोन्ही माल्ट, दोन्ही तीनदा काढलेल्या, दोन्ही बर्बन आणि शेरीच्या पिंपांतल्या, दोन्ही मुळात ४० च्या. एक अँट्रिमची, दुसरी ग्लासगोच्या बाहेरची. दोन: कॉनेमारा आणि बोमोर १२. दोन्ही पीटच्या, दोन्ही दोनदा काढलेल्या.

अशा जोड्यांना त्रिकोणी चाचणी लावायची. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. सहा फेऱ्यांत पाच किंवा सहा बरोबर आले तर तो अंदाजाचा चमत्कार असण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे फरक खरोखर कळतोय. चार आले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. नुसत्या अंदाजाने चार किंवा अधिक येण्याची शक्यता दहा टक्के असते. सगळ्या फेऱ्या फक्त नाकाने, नाहीतर अठराव्या ग्लासापर्यंत परीक्षकच बाद होतो. दर दोन फेऱ्यांनी स्वतःच्या मनगटाचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं.

बुशमिल्स आणि ऑकेंटॉशन यांत हा फरक पकडणं अवघड जातं. पकडला तर तो शेरीच्या प्रमाणातला असतो: ऑकेंटॉशनमध्ये संत्र्याची साल आणि भाजका बदाम जरा पुढे. देश त्यात कुठे दिसत नाही. दुसरी जोडी सोपी. कॉनेमाराचा धूर कोरड्या गवताचा, बोमोरचा ओला, खारट, लिंबाच्या बाजूने झुकणारा. दोन्हींच्या धुराची तुलना करताना पी.पी.एम.च्या (दहा लाखांत किती भाग) आकड्यावर विसंबू नका. अर्डबेग ५५, लॅगावुलिन ३५, बोमोर साधारण २५ हे आकडे माल्टमधल्या फिनॉलचे आहेत, बाटलीतले नाहीत. मधल्या टप्प्यांत बरंच फिनॉल गळतं, आणि ऊर्ध्वपातनात शेवटचा भाग किती उशिरापर्यंत घ्यायचा यावर धुराची जात ठरते.

वासांची नावं जुळवण्यासाठी लहान काचेच्या बरण्या कामी येतात: लवंग, जायफळ, खारीक, काकवी, जवसाचं तेल, व्हॅनिला इसेन्स, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलेला कापूस. शंका आली की आधी बरणी, मग ग्लास. 'गोड' आणि 'स्मूथ' हे शब्द नोंदीत लिहायचे नाहीत. त्यांतून पुढच्या वेळी काही कळत नाही.

बाटल्यांची देखभाल: उभ्या, अंधारात. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. पावसाळ्यात बुचाच्या डोक्यावर बुरशी दिसली तर स्पिरिटने पुसून कोरडं करा. बूच तुटून आत पडलं तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून घ्या. एक तृतीयांशाखाली आलेली बाटली मुकाट होत जाते, धुराच्या व्हिस्क्या आधी. ती २०० मिलीच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि वर तारीख लिहा. आत्ता कॉनेमारा त्या अवस्थेला आलीय.

पुढच्या मांडणीत अल्बर्टा प्रीमियम विरुद्ध लॉट नंबर ४०, दोन्ही शंभर टक्के राय. कुणाकडे पॉवर्स किंवा ग्रीन स्पॉट या आयरिश व्हिस्कीची उघडी बाटली असेल तर ५० मिलीचे नमुने अदलाबदलीला हवेत. लेबलवरचे टक्के आणि बाटली कधी उघडली तेवढं मात्र लिहून पाठवा.