पथारी रिकामी झाली होती

बुधवार, रात्री साडेदहा

आज लालबागच्या एका चाळीत विसावी मुलाखत झाली. घरी आल्यापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून टिपणं उतरवण्याआधी इथे लिहितेय.

काका संगमेश्वर तालुक्यातले. १९६८ साली, अठराव्या वर्षी, रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, बदली कामगार (कायम कामगार गैरहजर असेल तेव्हा काम मिळणारा) म्हणून लागले. स्थलांतरावरच्या माझ्या पीएचडीच्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न : मुंबईला येण्याचा निर्णय का घेतलात?

"पोटासाठी गो, दुसरं काय?"

मी रकान्यात 'आर्थिक कारण' लिहिलं. बहुतेकांचं उत्तर हेच असतं.

रेकॉर्डिंग बंद केलं, काकूंनी चहा आणला आणि काका आपणहून बोलायला लागले. गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या, खोलीत बावीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. त्यातला एक आजारपणामुळे गावी परतला, तसं चुलतभावाने पत्र धाडलं : पथारी रिकामी झाली आहे, कुणाला तरी पाठवा. थोरल्याचं लग्न ठरलेलं, म्हणून धाकट्याला पाठवलं. काकांना शाळामास्तर व्हायचं होतं. "निर्णय कसला? मला कोणी विचारलंच नाही," बशीतल्या चहावर फुंकर घालत ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मलाच पुढे काय बोलावं सुचेना.

स्थलांतराचे अभ्यासक एव्हरेट ली यांनी १९६६ साली स्थलांतरामागचे घटक चार गटांत मांडले : निघतो तिथले, पोचतो तिथले, मधले अडथळे आणि व्यक्तिगत. दोन वर्षं मी याच चौकटीत माणसं बसवतेय. काकांची पथारीही ओढूनताणून बसेल कुठेतरी. पण पत्र कुणी धाडलं, कुणाऐवजी कोण आलं, हे मी वीसपैकी एकालाही विचारलेलं नाही. याची फार चुटपुट लागली आहे.

गणपतीला गावी जाण्याचंही तेच. पर्यटनाचे अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी १९७९ साली ३९ जणांशी बोलून सहलीमागच्या नऊ प्रेरणा मांडल्या. त्यातली एक, नातेसंबंध घट्ट करणं. तो पर्याय मी प्रश्नावलीत घेतला आहे आणि काकांनी त्याला पाचपैकी पाच दिले. पण गावात तर त्यांचं आता कोणीच उरलेलं नाही! मग जाता कशाला, असं विचारल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. सुतळीत ओवलेली, दात झिजलेली. "अकरा महिने दार बंद असतं. बाप्पाच्या निमित्ताने उघडतं, चूल पेटते." १९८२ला गिरण्यांचा संप चालू होता, पगार बंद होता, तेव्हाही उसनवारी करून ते गेले होते.

उद्या माझ्या गाइड मॅडमना भेटून चौथा प्रश्न बदलायची परवानगी मागणार आहे. वीसही जणांकडे पुन्हा जावं लागेल, काम लांबेल. तरी जाईन. नवा प्रश्न वहीत लिहून ठेवलाय : मुंबईतली पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढलीत, आणि त्या जागेवर आधी कोण झोपायचं?