गोव्याचे सण बघायचे तर पावसात या

पुण्या-कोल्हापूरहून गोव्याला यायचं म्हटलं की डिसेंबर ठरलेला. इथल्या मराठी घरांत विचाराल तर मात्र उत्तर वेगळं मिळेल: जूनच्या अखेरीपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, कधीही या. किनाऱ्यावरचे बहुतेक शॅक तेव्हा बंद असतात आणि वाड्यावाड्यांत घुमट हे मातीचं तालवाद्य वाजत असतं. हे सण मांडवाखाली तिकीट लावून होत नाहीत. विहिरीच्या काठावर, चॅपेलसमोर, कुणाच्या तरी अंगणात होतात. तारीख आणि गाव ठाऊक नसेल तर शेजारच्या रस्त्याने जाऊनही पत्ता लागत नाही.

पहिला सांजांव, २४ जूनला. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे सेंट जॉनने, आनंदाने उडी मारली ही बायबलमधली कथा. म्हणून विहिरीत, तळ्यात उड्या घ्यायच्या. डोक्यावर कोपेल, पानाफुलांचा मुकुट. तो घरी करायचा तर आधी लवचीक रानवेलीचा दुपदरी पीळ घालून डोक्याच्या मापाचं कडं करा, त्यात पानं खोचा आणि फुलं शेवटी. नुसती फुलं ओवली तर पहिल्याच सरीत मुकुट गळून पडतो. शिवोली गावात सजवलेल्या होड्या येतात, त्या बघायला दुपारीच पोचा. उडीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: घरधन्याची परवानगी, काठावर दोर घेऊन उभी माणसं आणि न प्यायलेलं डोकं, या तिन्हींतलं एक जरी नसेल तर काठावरूनच बघा. पावसात गढूळ झालेल्या पाण्याखालचा कातळ दिसत नाही.

या सगळ्याचा ताल घुमटाचा. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आतली हवा कोंडायची. तो घुमारा तिथून येतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा आहे, म्हणून आता बकरीचं लावतात. जुनं घोरपडीचं घुमट कुणी ‘अस्सल’ म्हणून विकत असेल तर हात लावू नका. बकरीचं कातडं जाड, पावसाळी हवेत ते ओल धरून ढिलं पडतं आणि आवाज बसतो. वादक मग चुलीच्या धगीवर हातभर अंतरावरून घुमट फिरवत राहतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघतात. घाई करून आच जवळ नेली की कातडं कडेला तडकतं. विकत घेताना मडक्यावर बोटाच्या पेराने ठोका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर गेलेली आहे. चवथीला हेच घुमट शामेळ (छोटा ढोल) आणि कासाळ्याच्या (झांजेच्या) साथीने आरतीला बसतं. ती घुमट-आरती एकदा ऐकाच.

आता पातोळ्या, हळदीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ. हिंदू घरांत नागपंचमीला आणि चवथीला, ख्रिस्ती घरांत सांजांवला आणि १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. पानं तीच, वाफ तीच. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवून, अगदी कमी पाण्यात चिमूटभर मीठ घालून गंधासारखे वाटा. बोटाने पसरता येईल इतकंच पातळ हवं. ओघळलं तर सारण बाहेर येणार. दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी माडाचा गूळ, वेलची. सारण मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच परता. चिक्कीच्या पाकापर्यंत नेलं की गार झाल्यावर दाताला चिकटतं. हळदीच्या पानाची जाड शीर सुरीने तासून घ्या, नाहीतर घडी घालताना पान फाटतं. पातळ थर, मधोमध सारण, उभी घडी, पंधरा-वीस मिनिटं वाफ. पान लगेच सोलू नका. पाच मिनिटं थांबलात तर पिठावर शिरांची नक्षी स्वच्छ उमटते. गरम सोलल्यास अर्धी पातोळी पानालाच राहते.

तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त जुलैच्या शेवटच्या रविवारी, तळावलीच्या सांतानाच्या (सेंट ॲनच्या) चर्चमध्ये. मूल व्हावं म्हणून जोडपी तिथे काकडी वाहतात. सांगोड २९ जूनला: होड्या एकमेकींना बांधून नदीवरच रंगमंच उभा करतात.

दिवाडी बेटावरचं बोंदेरां ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. वाड्यांच्या हद्दीवरून भांडणं होत, म्हणून पोर्तुगीजांनी निशाणं रोवली आणि लोक ती पाडू लागले; त्याचीच ही मिरवणूक. पोरं बांबूच्या नळीतून हिरव्या रानफळांचा मारा करतात, तेव्हा चष्मा सांभाळा. गाडी रायबंदरलाच ठेवून फेरीबोटीने पायी पलीकडे जा, आणि काळोख पडायच्या आत परतीच्या धक्क्यावर या. त्यानंतर रांग फार लांबते.