पोटाची शस्त्रक्रिया आणि पोटरीतली गुठळी

माझ्या आईच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ पोट उघडून काढली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "अगं, पोटाला एवढे टाके आहेत, त्यात रोज पोटालाच आणखी सुई कशाला? आणि जो येतो तो माझ्या पोटऱ्या दाबून काय बघतो?" भूल देणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होते, पण ते तिला समजेल असे सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेच उत्तर येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन हे दोन पदार्थ सतत पाझरत असतात. वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल ठेवणे हे त्यांचे एक काम, आणि प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींना, एकमेकींना चिकटू न देणे हे दुसरे. रक्तवाहिनीची रुंदी आणि रक्ताचे गोठणे हे विषय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, पण शरीरात त्यांचा कारभार बराचसा एकाच अस्तराकडे आहे. ही गोष्ट लक्षात घेतली, की पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर काय घडते याची संगती लागते.

शस्त्रक्रियागृहात मला याचे पहिले दर्शन अनेकदा रुग्णाच्या चेहऱ्यावर होते. सर्जन आतडी हातात घेऊन त्यांना धरून ठेवणारा पडदा ताणतात आणि काही मिनिटांत रुग्णाचा चेहरा व छाती लालसर होते, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. ताणलेल्या त्या पडद्यातून प्रोस्टासायक्लिन एकदम रक्तात सुटते आणि अंगभरच्या वाहिन्या सैलावतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा आतडी, यकृत आणि प्लीहा यांच्याकडे जात असल्यामुळे तिथल्या वाहिन्या थोड्या रुंदावल्या तरी फरक मोठा दिसतो. आम्ही सलाइनचा वेग वाढवतो, वाहिन्या आकुंचित करणारे औषध देतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सगळे स्थिरावते. ज्यांना आधी आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक मिळालेले असते त्यांच्यात हा प्रकार कमी दिसतो, कारण ती औषधे प्रोस्टासायक्लिन तयारच होऊ देत नाहीत. या थोड्या वेळात शरीराचा कल गोठण्याच्या विरुद्ध असतो.

पुढच्या काही तासांत मात्र तो कल उलटतो, आणि खरी काळजी इथून सुरू होते. कापलेल्या ऊतींमधून गोठण्याची साखळी सुरू करणारे प्रथिन रक्ताच्या संपर्कात येते आणि थ्रॉम्बिन हे गुठळी घडवणारे विकर तयार होऊ लागते. वेदना आणि इजा यांमुळे अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल, व्हॅसोप्रेसिन या ताणाच्या संप्रेरकांची पातळी चढते. अस्तराला सूज येते आणि त्यातून पाझरणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते. यकृत अधिक फायब्रिनोजेन बनवू लागते, म्हणजे गुठळीच्या जाळ्याचा कच्चा माल वाढतो. त्याच वेळी पीएआय-१ नावाचे प्रथिन वाढून, तयार झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा काही काळ जवळजवळ थंडावते. जखम भरून यावी म्हणून शरीराने केलेली ही तयारी अत्यंत योग्य आहे. परंतु हे सारे रक्तातून सर्वत्र फिरते, आणि जखम पोटात आहे म्हणून पायातल्या रक्ताला त्यातून सूट मिळत नाही.

पाय, त्यातही पोटरीच, का? उभ्या माणसाच्या पायातले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनामुळे. भुलेखाली हे स्नायू निश्चल होतात, नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या, सैलावून फुगतात, आणि त्यांच्या झडपांमागच्या खोबणींत रक्त रेंगाळते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही ही अडचण असते, कारण पोटात १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने वायू भरला की पायांकडून येणारी महानीला दबते, आणि डोक्याकडची बाजू वर केली असेल तर रक्त आणखी रेंगाळते. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणे ही तीन कारणे एकोणिसाव्या शतकातले जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकत्र येतात, आणि कर्करोग असेल तर तिसरे कारण शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच हजर असते.

अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. लंडनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेला आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला आजही फार मोलाचा वाटतो. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ४,००० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची लहान मात्रा दिली गेली. न दिलेल्या गटात १६ जण फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने गेले, दिलेल्या गटात २. पुढे २००२ मध्ये पोट किंवा ओटीपोटातल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्याच कुळातल्या औषधाची इंजेक्शने साधारण आठवडाभर आणि चार आठवडे देऊन तुलना झाली, तेव्हा तपासणीत गुठळी सापडण्याचे प्रमाण अनुक्रमे १२ टक्के आणि ४.८ टक्के होते. आईच्या कागदावर पोटाची ती सुई २८ दिवस लिहिली होती ती यासाठी.

आपल्या घरांत नेमके इथेच बिनसते. टाके निघाले म्हणजे आजार संपला असे समजून इंजेक्शने थांबवली जातात, आणि 'ऑपरेशन झालेल्या माणसाने हलू नये' हा सल्ला प्रेमाने दिला जातो. माझी मावशी आईला उठूच देत नव्हती. लघवीला वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणीही मोजून देत होती. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण मी दोघींना समोर बसवून सांगितले की सर्जनने चालायला परवानगी दिली आहे, तेव्हा दिवसातून पाच-सहा वेळा घरातल्या घरात चालणे, बसल्या जागी घोटे हलवणे आणि सांगितले आहे तितके पाणी पिणे हा उपचाराचाच भाग आहे. अर्थात इंजेक्शन कोणाला, कोणते आणि किती दिवस, हे वय, वजन, मूत्रपिंडांचे काम आणि रक्तस्रावाचा धोका पाहून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा घेरी आली तर थेट इस्पितळाचा तातडीचा विभाग गाठावा. आणि अशी दुखणारी पोटरी कोमट तेलाने रगडू नये. मावशीने वाटीत तेल तापवून आणले होते. मी ते आईच्या डोक्याला लावायला सांगितले.